जड की हलकी

४ मार्च, मंगळवार

पुन्हा रायफलची गोळी बदलली! हा चौथा डबा. ताई नुसती हसली. तिचं काय जातंय हसायला — दुकानदारानं पहिल्या दिवशी पुढे केला तो हलक्या गोळ्यांचा डबा तिनं उचलला आणि दोन महिने त्याच झाडतेय. तिची भोकं कागदावर खेटून पडतात. माझे नुसते शिंतोडे.

नेमबाजीचे मास्तर म्हणाले, एक ठरव आणि तिच्याशी संसार कर, अजून स्थळंच बघतेयस! सगळी रेंज हसली. मीही हसले. आतून जळले.

७ मार्च, शुक्रवार

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासल्या आणि डोक्यात तोच भुंगा. हलकी वेगानं जाते, पण तीनशे मीटरवर वारा तिला ढकलतो. जड वाऱ्याला दाद देत नाही, पण जास्त खाली उतरते. म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीची घुंडी आठ खटके वर घ्यायची. रायफल दोघींत एक, त्यामुळे माझं झालं की घुंडी परत ताईच्या मापावर आणून द्यायची, हा आमचा नियम.

दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले!

९ मार्च, रविवार

जड! ठरलं! वारा भणाणत होता तरी माझ्या दहातल्या नऊ काळ्या वर्तुळात. ताईच्या सात. आयुष्यात पहिल्यांदा ताईच्या पुढे! तिनंच पाठ थोपटली. "अगं, सापडली की तुझी गोळी."

१२ मार्च, बुधवार

लांब पल्ल्याच्या संघात जागा एकच. मास्तरांनी आज सांगितलं. परीक्षा रविवारी. बाकीच्यांचं सोडा, जागा आम्हा दोघींपैकी एकीची, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शाळेत ताई पहिली, पोहण्यात ताई पहिली, आईच्या तोंडी ताईच. मला ही जागा हवी. लिहूनच टाकते — फार हवी.

१५ मार्च, शनिवार

उद्या वारा पडणार म्हणे. मग जड गोळीचा फायदा काय? ताईचं फावणार! जीव थाऱ्यावर नाही. डबा दहादा उघडला, गोळ्या पुसल्या, परत ठेवल्या. पाचवा डबा आणावा का?

१६ मार्च, रविवार

जागा मला मिळाली.

माझ्या आठ आत. लगेच ताईची पाळी. परीक्षेत मधे कागद बघू देत नाहीत, त्यामुळे तिला शेवटपर्यंत पत्ता नाही. तिच्या दहाच्या दहा वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत — आणि सगळ्या वर्तुळाच्या वीतभर वर. एकही आत नाही.

घुंडी खाली आणायची राहिली माझी. गडबडीत विसरले.

मास्तर कितीतरी वेळ तो कागद बघत होते. मग ताईला विचारलं, घुंडी तपासली होतीस का? माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तपासली होती, मास्तर. माझ्या गोळ्यांनीच दगा दिला."

१७ मार्च, सोमवार

ड्यूटी संपवून ताई तशीच आली, नर्सच्या कपड्यांत. मी रडायला लागले. तिनं जवळ घेतलं. म्हणाली, "विसरतं माणूस. मनाला लावून घेऊ नकोस."

१८ मार्च, मंगळवार

विसरले नव्हते.