पांढरा तळवा

३ मार्च, मंगळवार
आजी म्हणाली मला! ती ज्युनिअर डॉक्टर.

ह्यांच्या हृदयाची बायपास शनिवारी. त्यासाठी लागणारी धमनी म्हणे डाव्या हातातून काढणार, मनगटापासून कोपरापर्यंत. "हाताला दोन असतात आजी. एक काढली तरी दुसरी भागवते." मग तिने ह्यांना मूठ आवळायला लावली, मनगटावर दोन्ही बाजूंनी दाबलं, मूठ उघडायला सांगितली. तळवा पांढराफटक. करंगळीकडची बाजू सोडली. आता तिकडून रक्त येऊन तळवा लाल व्हायला हवा. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "नॉर्मल," म्हणाली नि गेली.

मी तळव्याकडेच बघत होते. पांढराच होता!

४ मार्च
घरी ह्यांच्या हातांवर स्वतः करून पाहिलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर प्रथमोपचार शिकवायच्या. नाडी सापडली नाही की हातावर पट्टीचा फटका. उजवा तळवा झटकन लाल. डावा पांढरा. पुन्हा केलं. पांढरा. हे म्हणाले, "किती दाबशील? उसवेन मी." शिंपी माणूस, दुसरं काय बोलणार!

आणि डावाच हात! सही उजव्याने करतात, कारण लहानपणी मास्तरांनी डाव्यावर छड्या ओढल्या. बाकी सगळं डाव्याने. सुई, कात्री, माझ्या पाठीवरची थाप. डॉक्टरांनी सही बघितली आणि ठरवलं, डावा बिनकामाचा!

६ मार्च
सर्जनना गाठलं. मान वर न करता: "मॅडम, चाचणी झालेली आहे."

"झाली. बघितली कुणी नाही."

मग मान वर झाली. मी विचारलं, "सगळ्यांच्या हातात धमन्या पुस्तकातल्या चित्रासारख्याच असतात का?"

"नाही. कुणाची कोपराच्या वरच फाटा घेते, कुणाची अगदी कातडीखालून जाते. एखाद्याची असून नसल्यासारखी."

"मग ह्यांची कशी आहे?"

शेवटी हाताची सोनोग्राफी लिहून दिली. मशीन सोमवारी मोकळं. म्हणजे उद्याची शस्त्रक्रिया पुढे. निघताना ऐकवलंच— "मधल्या काळात काही झालं तर आम्हाला विचारू नका."

७ मार्च
वन्सं आल्या. चपलाही न काढता: "वहिनी, तुम्ही डॉक्टर कधी झालात? हात वाचवाल नि माझा भाऊ घालवाल!"

एरवी मी ऐकून घेतलं असतं? आज चहा ओतत राहिले. कप भरला, बशी भरली, टेबलावर आला, तरी ओततेच आहे.

८ मार्च
जिन्यात हे मधेच बसले. छातीवर हात. चेहरा राखेसारखा. जिभेखाली गोळी ठेवली. ती विरघळेपर्यंत मी एकही देव सोडला नाही, शाळेतला नाही की घरातला नाही. वन्संचं वाक्य कानात.

सावरल्यावर म्हणतात, "अर्धवट शिवलेला कोट झालोय." हसू आलं नाही.

९ मार्च, सोमवार
माझंच बरोबर!! करंगळीकडची धमनी मनगटापर्यंत पोचतच नाही. दंडापासूनच दोऱ्याएवढी बारीक, मधेच संपते. जन्मापासून तशीच. सगळा पंजा एकट्या दुसरीवर जगतोय, आणि तीच हे काढणार होते!

सर्जन म्हणाले, "थँक यू, मॅडम." आता पायातली शीर घेणार. वन्संना फोन केला. "बरं," एवढंच. तेवढं पुरे मला.

१० मार्च
ह्यांना भरती केलं. सर्जनना म्हटलं, आत तुमची दहा माणसं असतील, कुणाला काय आठवणार? हातावर लिहा. त्यांनी मार्कर घेतला. "काय लिहू?" मी सांगितलं. ठळक अक्षरांत: कापायचं नाही.

हे म्हणाले, "कापडावर अशाच खुणा करतो मी." आज हसले.

११ मार्च
झालं! हृदय छान चाललंय. वन्सं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. उद्या मला ह्यांच्याजवळ आत सोडणार.

१२ मार्च
शुद्धीवर आहेत. पुटपुटले, "डावा हात झोपलाय गं." चादर उचलली. कापायचं नाही— त्या अक्षरांखाली मनगटात सुई, पट्ट्यांनी पक्की. रक्तदाब सतत कळावा म्हणून त्याच धमनीत घालतात. कालपासून होती, ह्यांच्या एकुलत्या वाटेत रक्त अडवून.

मी किंचाळले. नर्स भांबावली. "पण बाई, कापलंय कुठे?"

सुई काढली. तळवा माझ्या हातात आहे. अजून पांढरा.