दुसरी तपासणी

३ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. 'वन्सं' लिहिलं तर पत्र न उघडता परत पाठवीन, अशी तुमची धमकी आहे, म्हणून मुकाट्यानं ताई. इकडे सगळे मजेत. तुमचे बंधुराज ठणठणीत, मामंजीही ठीक. तुमच्या हॉस्पिटलातल्या फार्मसीत कामाचा रगाडा तसाच असेल. फोनवर तुम्ही 'हं, हं' करता आणि तेवढ्यात कुणीतरी तुम्हाला हाक मारतं. आजची बातमी 'हं, हं'वर उरकली तर माझ्या जिवाची घालमेल होईल, म्हणून सरळ कागद ओढला.

आपल्या दुकानात चिठ्ठ्या तपासणारा कॉम्प्युटर आला. बिलं छापणारा तो जुना डबा नव्हे. त्याची आता माळ्यावर रवानगी झाली.

वजनकाटा होता ना डाव्या अंगाला, तो दाराशी गेला आणि तिथे हा मोठा स्क्रीन बसला. गिऱ्हाइकानं डॉक्टरांची चिठ्ठी दिली की मी तिचा फोटो काढते आणि ती स्क्रीनवर येते. अक्षर हवं तेवढं मोठं करून बघता येतं. मोठं झाल्यानं ते सुधारत नाही, हा भाग वेगळा. मग औषध कुठलं, किती ताकदीचं, दिवसातून किती वेळा, हे मी भरायचं, फडताळातून डबी काढायची आणि डबीवरच्या रेघांवर स्कॅनर धरायचा. जुळलं तर हिरवं. नाही जुळलं तर लाल, आणि वर असा केकाटतो की शेजारचा शिंपी पहिल्या दिवशी कात्री घेऊन धावत आला. पेशंट आधीपासून काय घेतोय तेही त्याच्या लक्षात राहतं, आणि दोन औषधांचं एकमेकांशी पटत नसेल तर तो आधीच कान टोचतो. शेवटी दोन खुणा करायच्या. एक औषध भरणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दोन्ही झाल्याशिवाय लेबलच बाहेर येत नाही. ताई, मला हे इतकं आवडलंय की रिकाम्या वेळी मी आपल्याच खोकल्याच्या बाटल्या स्कॅन करत बसते.

मामंजी मात्र पहिल्या दिवशी हाताची घडी घालून उभे. त्यांची पद्धत तुम्हाला मी काय सांगणार. चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, डबी उचलून डबीवरचं मोठ्यानं वाचायचं, आणि पलीकडच्यानं 'बरोबर' म्हणायचं. तुम्ही दुकान सोडून गेल्यापासून पलीकडे कुणी नाही, तेव्हा 'बरोबर'ही तेच म्हणतात, जरा बारीक आवाजात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, आत आणखी कुणीतरी आहे. माझा फार्मसिस्टचा परवाना हाती आल्यावर एकदा मी हौसेनं 'बरोबर' म्हणून टाकलं. तर म्हणाले, "तुला विचारलं नव्हतं." रागावून नाही म्हणाले. पण त्यानंतर मी काही तोंड उघडलं नाही.

तर या कॉम्प्युटरपुढेही त्यांनी तेच केलं. पहिली खूण स्वतः केली आणि दुसरीही स्वतःच करायला गेले. तो ढिम्म हलेना. सिस्टिम बसवायला आलेली मुलगी म्हणाली, "काका, दुसरी खूण दुसऱ्या माणसाची लागते."

"मी दोनदा तपासतो."

"दोनदा तपासा ना. पण दोन माणसांनी."

"म्हणजे हे यंत्र मला ओळखत नाही."

"ओळखतं काका. म्हणून तर नाही म्हणतंय."

मी लेबलांच्या रोलामागे तोंड लपवलं. मामंजी आत गेले, दुसरा चष्मा लावून आले आणि पुन्हा तीच खूण दाबून बघितली. त्यांना वाटलं असावं की चष्मा बदलला की माणूस बदलतो, असं मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं तेव्हा हे जेवता जेवता ठसक्यानं लाल झाले.

बाकी विशेष काही नाही. मामंजी हल्ली दुकानातून जरा लवकर घरी येतात, एवढंच. ते असो. तुम्ही इतकी वर्षं हॉस्पिटलात असंच काम करताय, तेव्हा लाल दिवा लागला की आधी काय बघायचं ते कळवा.

घाईत, पण खुशीत,
तुमची भावजय


१७ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. एवढं ऐसपैस पत्र मी लिहिलं, आणि उत्तरात तुमची एकच ओळ: 'यंत्रानं काही पकडलं का?' चिठ्ठ्या वाचता तशीच तुम्ही माणसांची पत्रंही वाचता. तुमच्यापुढे लपवाछपवी करायला मी गेले, माझंच चुकलं.

पकडलं. आणि मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच पकडलं होतं.

मामंजींनी मला बजावलंय, "तिला डोळ्यांचं एक अक्षर लिहायचं नाही." म्हणून डोळ्यांचं मी लिहीत नाही. डबीचं लिहिते.

तुम्हाला शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आठवतात? निवृत्त झाल्या, हृदयाचं दुखणं मागे लागलंय, पण टोमणे मारायची ताकद शाबूत आहे. त्या थायरॉइडच्या गोळ्या घ्यायला आल्या. चिठ्ठीत पंचवीसची. मामंजींनी वाचलं, पंचवीस. फडताळातून डबी काढली, डोळ्यांजवळ धरली, वाचलं, पंचवीस. मग बारीक आवाजात म्हणाले, बरोबर. मी स्कॅनर धरला आणि तो लाल होऊन केकाटला.

"बिघडलाय," मामंजी म्हणाले. "पुन्हा धर."

पुन्हा धरला. पुन्हा लाल. डबी माझ्या हातात होती, ताई, आणि तिच्यावर ठळक छापलं होतं, एकशेपंचवीस. बाईंच्या दुखऱ्या हृदयाला ती पाचपट ताकदीची गोळी रोज मिळाली असती. मी डबीचा फोटो स्क्रीनवर घेतला आणि आकडा मोठा केला, अजून मोठा केला. मामंजी बघत राहिले. मान जराशी वाकडी करून, कडेनं बघितलं. मग खाली बसले.

बाई म्हणाल्या, "काय हो, एवढा वेळ? वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं."

मामंजींनी उठून स्वतः बरोबर डबी आणून दिली. मग म्हणाले, "बाई, मी आत्ता चुकीची गोळी देत होतो. या यंत्रानं पकडलं." बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पुढच्या महिन्यातही मी इथेच येणार." आणि गेल्या. ताई, माझ्या सासऱ्यांनी गिऱ्हाइकासमोर चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली, आणि मला भीती वाटायच्या ऐवजी त्यांचा अभिमान वाटला.

आता डोळ्यांचं. मी त्यांचा शब्द मोडतेय, मला माहीत आहे. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या बरोबर मधोमध धूसर डाग आलाय. कडेचं दिसतं, समोर धरलेलं पुसट होतं. डॉक्टर म्हणतात, उपचारांनी वाढ रोखायचा प्रयत्न करू, पण गेलं ते परत यायचं नाही. मामंजींना हे आधीपासून जाणवत होतं. डब्यांच्या जागा पाठ होत्या म्हणून निभावलं, आणि त्या महिन्यात डब्या पुरवणाऱ्यानं रांगच बदलून लावली होती.

परवा डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी मला वाटलं, आता दुकान विकायचं म्हणतील.  काल सकाळी सगळ्यांच्या आधी उठून दुकानात गेले, ती मुलगी सिस्टिमची शेवटची मांडणी करायला आली होती. तिनं विचारलं, दुसऱ्या तपासणीला कायमचं नाव कुणाचं घालू? मी म्हटलं, थांब, सांगते. काय सांगणार होते, देव जाणे. मागून मामंजींचा आवाज आला.

"दुसरा माणूस इथेच हजर लागतो का?"

"नाही काका. परवाना असला पाहिजे. चिठ्ठी आणि औषध, दोन्हींचे फोटो त्यांच्या स्क्रीनवर जातात. कुठूनही बघता येतं."

मामंजींनी स्क्रीनच्या कडेला हात टेकवला. मग तुमचं पूर्ण नाव सांगितलं. सावकाश, नावाची अक्षरं त्या मुलीकडून चुकू नयेत म्हणून एकेक करून. या दुकानात ते नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

तुमचं भांडण कशावरून झालं ते ह्यांनी मला लग्नानंतर सांगितलं होतं. मामंजींनी डबी वाचली, आणि तुम्ही पलीकडून 'बरोबर'च्या ऐवजी 'चूक' म्हणालात, भरल्या दुकानात. तेव्हाही तुमचंच खरं होतं. ते म्हणाले, चारचौघांत मला चूक म्हणतेस? आणि तुम्ही एप्रन खुंटीला लावून निघालात. तो एप्रन अजून तिथेच आहे. दर धुण्यात तो मी धुते, कारण मामंजी तो स्वतः धुण्यात टाकतात आणि वाळला की स्वतःच परत खुंटीला लावतात.

तर आता सगळं ठरलंय, फक्त तुम्हाला विचारायचं राहिलंय. चिठ्ठी ते वाचणार, स्क्रीनवर मोठी करून, कितीही वेळ लागला तरी. भरणार मी. तपासणार तुम्ही, सकाळी हॉस्पिटलची पाळी सुरू व्हायच्या आधी आणि संध्याकाळी सुटल्यावर. मधल्या वेळेत आलेल्यांना थांबवू, नाहीतर संध्याकाळी घरपोच देऊ. ह्यांनी सायकलला हवा भरून ठेवली आहे. पुढे तुमचं मन झालं आणि तुम्ही समोरच येऊन उभ्या राहिलात तर काय मजा येईल, हे मी लिहीत नाही. जरा अति होईल.

सोमवारी दुकान उघडलं की पहिली चिठ्ठी लावू. मी फोन त्यांच्या जवळ ठेवीन. ते वाचतील आणि थांबतील, स्वतः काही म्हणणार नाहीत. कालपासून गप्प राहायची सवय करताहेत, फार कष्ट पडताहेत त्यांना. तुम्ही पलीकडून बरोबर असेल तर बरोबर म्हणा.

हे पत्र लिहिते आहे हे त्यांना कळलंय. रागावले नाहीत. दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "तिला लिही, चूक म्हणाली तरी चालेल."

स्क्रीनवर तुमचं नाव आहे, त्यापुढची खूण मोकळी आहे.

तुमची,
आणि सोमवारपासून तुमच्याच हाताखालची,
भावजय