गोगलगायीचं पान

प्रिय मास्तरीणबाई,

पत्र बघून घाबरून जाऊ नकोस. घरात सगळं जागच्या जागी आहे, म्हणजे मी आणि लेक मिळून जितकं ठेवू शकतो तितकं. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? जेवलात का, नळ नीट बंद केलात का, लेक वेळेवर घरी आली का. मी हो, हो, हो म्हणतो आणि आपलं बोलणं संपतं. काल मात्र तू म्हणालीस की दुकानवाल्या बाईंची ऑर्डर अडलीय, लोकरीच्या गोगलगायी तयार आहेत पण त्यांना बसायला पानं नाहीत, तेव्हा शाळेतला क्रोशाचा वर्ग अर्धवट सोडून परत येते. तेवढ्यासाठी येऊ नकोस. पानं झाली. आज सकाळी दुकानात पोचतीसुद्धा झाली. आता निवांत बस आणि सगळं वाच, कारण हा पराक्रम सांगायला फोन पुरला नसता.

निघताना तुझा बेत होता की दिवसा वर्ग घ्यायचा आणि संध्याकाळी, जिथे उतरणार त्या ताईंच्या गॅलरीत बसून पानं विणायची. वर्गातल्या बायका संध्याकाळीसुद्धा पाठ सोडत नाहीत, अशी कुरकुर तू पहिल्याच आठवड्यात केलीस. त्या कुरकुरीतला तोरा मी बरोबर ओळखला. तेव्हाच लेकीला म्हटलं, आईची पानं आता इथेच व्हायची. तिने कपाळाला हात लावला. ‘बाबा, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही,’ म्हणाली. खरं आहे. पण इतकी वर्षं लेथवर लोखंड कातलंय, केसाइतका फरक माझ्या बोटाला कळतो, दोऱ्याचं पान ते काय, असा माझा हिशेब होता.

नमुना म्हणून लेकीचा जुना ससा काढला. तू विणलेलं पहिलं खेळणं. तुला आठवतं, कान जरा वाकडा बसला म्हणून तू रडकुंडीला आली होतीस, आणि मग ते वाकडेपण झाकायला कानामागे एक पान लावलंस? पुढे लोक आवर्जून पान लावलेली खेळणी मागायला लागले, ते त्या सशापासून. लेकीने त्याला पायाला धरून घरभर ओढला, चघळला, बादलीत बुडवला. तो बसस्टँडवर राहिला तेव्हा मी धावत परत गेलो होतो, आणि बाकाखालच्या चिंध्यांत मला आधी पान दिसलं होतं, मग ससा. एवढं होऊनही ते पान आजही ताठ उभं आहे. वाकवलं की वाकतं, सोडलं की जागेवर येतं. मी आजवर धरून चाललो होतो की आत बारीक तार आहे. कोणती तार, किती जाड, एवढंच मला बघायचं होतं.

तर पान निघेना. ओढलं, पिळलं, शेवटी दातांत धरून ओढलं, आणि नेमकी लेक खोलीत आली. सशाचा कान लोंबायला लागला, पान मात्र हललं नाही. मग कात्री घेतली, आणि कापताना चोरी केल्यासारखं वाटलं. आत तार नाहीच! त्याच हिरव्या रंगाचा दुहेरी दोरा आणि त्याला पोटात घेऊन घातलेले टाके. पोर चावणार, चोखणार, तोंडावर आपटणार, म्हणून टोचेल असं काही आत नको. त्यासाठी तू ही युक्ती शोधलीस आणि मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस. मी ते पान उलटं करून बघत बसलो. जी बाजू जन्मभर सशाच्या डोक्याला चिकटून राहणार, कुणाच्या बापाला दिसणार नाही, तीही पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ. एक गाठ नाही, एक टोक बाहेर नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये न दिसणारी बाजू आम्ही घासतसुद्धा नाही.

मग लेकीने शिकवणी सुरू केली. आधी साखळी घालायची, ती पानाची मधली शीर. तिच्या एका अंगाने लहान टाक्यापासून चढत खांबासारख्या उंच टाक्यापर्यंत जायचं, पुन्हा उतरत टोकाला लहान व्हायचं, वळसा घ्यायचा आणि दुसऱ्या अंगाने तसंच परत यायचं. सांगायला सोपं. पहिली संध्याकाळ सुई बोटात आणि दोरा चष्म्यात अशी गेली. पण मी हटलो नाही, आणि जमलं म्हणजे असं जमलं की पानावर पान ठेवलं तर काठाला काठ जुळावा. जुळणारच, मी प्रत्येक पान व्हर्नियरने मोजत होतो. टेबलावर रांग लावून मोठ्या ऐटीत लेकीला बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबा, ही पानं नाहीत, वायसर आहेत.’

मी चिडलो. पण गोगलगायीही तिच्याच पक्षाच्या निघाल्या. एकेक उचलून पानावर बसवायला गेलो तर एकेक कलंडली. सगळ्या आडव्या, शिंगं टेबलाला टेकलेली, जणू सामुदायिक झोप लागलीय. आम्ही दोघं इतकं हसलो की शेजारच्या काकूंनी भिंत ठोकली.

तू दुकानात दाखवायला म्हणून एक गोगलगाय पुरी करून ठेवली होतीस. सशाच्या प्रकारानंतर तिला हात लावायचा मला धीर होत नव्हता. आता लावला. तिच्या पानाच्या काठावरून बोट फिरवलं आणि कळलं. दोन्ही अंगांचे टाके सारखेच आहेत, पण परत येताना तू हात किंचित आवळतेस. त्यामुळे ते अंग आखडतं, मधे खळगा पडतो, आणि गोगलगाय त्यात आपली आपण बसते. शिवणं नंतरचं. आणि प्रत्येक पानात हा खळगा तू जिला बसायचंय तिच्या पोटाच्या मापाने पाडतेस, कारण गोगलगायीही सगळ्या सारख्या नाहीत. हे तू लेकीशी हुज्जत घालत, दाराशी आलेल्याला उत्तर देत, गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवत करतेस. मला वाटायचं, हात आपोआप चालतोय.

मला तुझं कौतुक होतंच. पण ते रंग छान निवडते, लोकांना आवडतं, अशा प्रकारचं होतं. आता जे वाटतंय ते एका कारागिराला दुसऱ्याबद्दल वाटतं तसं आहे, आणि सरळच सांगतो, तू माझ्यापेक्षा वरचढ कारागीर आहेस. वर्कशॉपमध्येही मी हे बोललो. ड्रिलवाला म्हणाला, ‘बायको बाहेरगावी गेली की सगळ्यांना असंच वाटतं.’ मी कापलेलं पान त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटंपालटं केलं, वाकवून पाहिलं, तार कुठे गेली म्हणून विचारलं, आणि मग चहा होईपर्यंत ते हातातून खाली ठेवलं नाही.

वायसर सगळे उसवले. मी आणि लेक पुन्हा बसलो, या वेळी मापाशिवाय, प्रत्येकाने आपापली गोगलगाय मांडीवर घेऊन. आज सकाळी दुकानवाल्या बाईंनी चष्मा वर करून एकेक पान निरखलं, एकेक ओढून पाहिलं. निघालं नाही एकही. मग तू पुरी केलेली गोगलगाय त्या सगळ्यांतून अचूक बाजूला काढली. ‘हे पान त्यांच्या हातचं. बाकीची कुणाची?’ म्हणाल्या. मी म्हटलं, शिकाऊ माणूस आहे. ‘चालतील,’ म्हणाल्या, ‘पण त्याला सांगा, हात जरा सैल सोड.’ एवढ्या शेऱ्यावर मी तरंगत घरी आलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा ताईंचा फोन आला होता. शाळेने तुला वर्षभर राहून शिकवायला सांगितलंय, हे तू मला बोलली नाहीस. नाही म्हणून आलीस, हेही नाही. का म्हणून ताईंनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, ‘त्यांना माझ्याशिवाय जमायचं नाही,’ आणि उठून भांडी घासायला लागलीस. ताई म्हणाल्या, ती घासलेलीच होती. काल तू पानांचं निमित्त सांगून निघायची घाई का करत होतीस तेही समजलं. आणखी राहिलीस तर पाय निघणार नाही, म्हणून. मला तू घरात हवी आहेस, रोज हवी आहेस, खोटं कशाला बोलू. कामावरून येऊन कुलूप उघडलं की आत पाऊल टाकवत नाही. पण ते माझं मी बघेन. ताई म्हणाल्या, तुझ्या मुख्य बाईंनी ते ‘नाही’ धरलेलं नाही, शुक्रवारपर्यंत उत्तराची वाट बघणार आहेत. तुझ्या वतीने परस्पर हो कळवून टाकायचा मोह झाला होता, आवरला. ते तू त्यांच्यासमोर उभी राहून, तुझ्या तोंडाने म्हण. खेळणी तू तिथे कर, पानं आम्ही इथे करतो, वाईट झाली तर उसवून परत पाठव. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. लेकीने तुझे हिवाळ्याचे कपडे मोठ्या बॅगेत भरून दाराशी ठेवलेत, ते घेऊन येतोय. तुला न्यायला येत नाहीये.

तुझाच,
तूर्तास घर सांभाळणारा