खूण नसलेला शर्ट

प्रिय धाकट्या,

नव्या खोलीवर तू बरा असशील असं धरून चालते. खाण्यापिण्याची आबाळ होत नसणारच. इथे आपल्या चळवळीच्या डॉक्टरबाईंना पकडून नेल्यापासून कोणी कोणाकडे सरळ बघत नाही. अर्जविनंत्या करणाऱ्या मास्तरांच्या मंडळींना वाटतं, बंदरावरचे हमाल फुटले. हमालांना वाटतं, मास्तरच साहेबाचे पाय चाटतात. स्वातंत्र्य राहिलं बाजूला, एकमेकांना हुंगणं तेवढं चाललंय! मीही त्यातलीच. मास्तर दुकानात आले की इस्त्री ठेवून आधी त्यांचे डोळे बघते.

बाई बंदरावरच्या गोदामात लपल्यात, हे चौघांनाच ठाऊक होतं: मास्तर, हमालांचा मुकादम पैलवान, तू आणि मी. फितूर म्हणून पैलवानाचं नाव तूच घेतलंस. तो पितो, प्यायला की बरळतो, असं भर बैठकीत सांगितलंस. मला खरं वाटलं रे. तेव्हापासून तो माणूस दुकानाच्या दारात येऊन नुसता उभा राहतो, ये म्हटलं तरी आत येत नाही. आज संध्याकाळी बैठक त्याचा निकाल लावणार आहे. निकाल म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. बंदरातलं पाणी खोल आहे.

बाईंसाठी हरताळ झाला त्यात मोठी लॉन्ड्री बंद पडली, आणि पोलीससाहेबाच्या घरचे कपडे आपल्याकडे यायला लागले. मी घेणार नव्हते. पैलवानानंच सांगितलं होतं, घे, खिसे तपासत जा. परवा गाठोडं सोडलं. खिशांत काही नव्हतं, पण तळाशी एक शर्ट निघाला, त्याच्या कॉलरला कुठल्याच लॉन्ड्रीची खूण नाही. भट्टीवरच्या मावशींनी विचारलं, याला कोणती खूण घालू? माझ्या मनात पाल चुकचुकली. आठवतं, लहानपणी तू आईशी भांडायचास, सगळ्यांच्या कपड्यांना रंगीत दोरा, मग माझ्याच शर्टाला का नाही? आई म्हणायची, खूण परक्यांच्या कपड्यांना. घरचे काय हरवतात थोडेच! मी बटणं पाहिली. एक काळ्या दोऱ्यानं लावलेलं. पांढरा संपला होता आणि तुला घाई होती, म्हणून मीच लावलेलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

तुझ्यासाठी कारणं शोधली, नाही असं नाही. चोरीला गेला असेल, कोणाला दिला असशील. पण बाईंना नेलं त्या दिवशी तू हाच घालून बाहेर पडलास आणि परत आलास तो कोऱ्या शर्टात. पावसात भिजलो, मित्रानं दिला, म्हणालास. मित्र म्हणे! माझा जीव जळतो रे नुसता. तुला कडेवर घेऊन याच भट्टीशी उभी राहायचे मी.

हे पत्र शर्टाच्या घडीत घालून मावशींच्या हाती तुझ्या खोलीवर पाठवतेय. पैलवानाला मी मरू देणार नाही. संध्याकाळी बैठकीत सगळं सांगणार आहे, त्याआधी गाव सोड. आईला सांगेन, कामासाठी लांब गेलास. बहीण म्हणून एवढंच जमतं, आणि बाई कोठडीत असताना तेवढंही करायला नको होतं. शर्टाला खळ घालून कडक इस्त्री केली आहे. बटण पांढऱ्या दोऱ्यानं पुन्हा लावलंय. कॉलर उलटून बघ. साहेबाच्या घरच्या कपड्यांना घालते तेच निळे टाके घातलेत.

तुझीच लिहायला हात धजत नाही, तरी तुझी
ताई