अक्काचं बोर्डिंग

प्रिय नोहा, सलाम.

तुझ्या आईला काल सावेडीतल्या वृद्धाश्रमात पोचवून आलो. तीन ठिकाणं पाहिली होती. तिथं दोन म्हाताऱ्या खिडकीवरून भांडत होत्या, म्हटलं इथं करमेल. तिची पेन्शन आणि तू पाठवतोस ते मिळून भागेल. कमी पडलं तर माझा ऊस आहेच.

तिला सांगायचं कसं, हाच घोर होता. अलीकडे बरंच विसरते. शेवटी म्हणालो, "अक्का, बोर्डिंगला जायचंय." लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात राहिलेली ती, लगेच पेटी भरायला बसली. वर मलाच दटावलं, "यशया, आता रडायचं न्हाई. मागं फाटकाला लटकला हुतास."

निघताना मात्र माझी बाही धरली. "नाताळच्या सुट्टीला न्यायला कोण येनार?"

"नोहा येईल की."

"नोहा कोण?"

मी म्हणालो, "आपल्याच घरचा हाय."

"मग चालंल," म्हणाली आणि बाही सोडली.

हे वाचून तुझ्या जिवाला लागेल, म्हणून पत्र टाकत नाही. फोनवर आई मजेत आहे एवढंच सांगीन, आणि नाताळचं तिकीट आत्ताच काढ म्हणीन.

तुझा,
यशयामामा
श्रीगोंदा