सुरक्षित उड्डाणाचा माझा वर्ग आणि सयाजीची म्हैस

१५ ऑक्टोबर
आज एक ड्रोन आमच्या गच्चीत वाळत घातलेल्या धोतरावर उतरला. मालक शाहबाज, कोपऱ्यावरील फोटो स्टुडिओचा. म्हणाला, "वाऱ्यानं गेला की ओ सर! धोतर धुऊन देतो."
संकल्प: शहरातील सर्व हौशी ड्रोनवाल्यांना नियम शिकविणे. निवृत्त मुख्याध्यापकाने स्वस्थ बसणे उचित नव्हे.

१६ ऑक्टोबर
फलक स्वहस्ते लिहिला. गर्दीवर उडवू नये. जनावरांजवळ नेऊ नये. नजरेआड होऊ देऊ नये. विमानतळाकडे फिरकूही नये. शुद्धलेखन निर्दोष.

१९ ऑक्टोबर
गल्लीच्या तालमीत पहिला वर्ग. उपस्थिती: फक्त पत्नी विमला, तीही थर्मास परत न्यायला आलेली. दिवाळीची खरेदी आडवी आली. एरवी उत्सुकता प्रचंड आहे. शाहबाजने दारातूनच विचारले, "सर, तुम्ही स्वतः कधी उडिवलाय काय?" प्रश्न अप्रस्तुत.

२१ ऑक्टोबर
कन्या अंतराकडून दिवाळीची भेट म्हणून ड्रोन मागून घेतला. सोबतच्या पुस्तिकेचे मराठी लाल शाईने सुधारले. म्हणजे अभ्यास पूर्ण झाला.

२२ ऑक्टोबर, पाडवा, सकाळ
आज म्हशींची मिरवणूक. रंगविलेली शिंगे, मोरपिसे. मालकाच्या फटफटीच्या आवाजामागे म्हैस धावते, हेच तिचे शिक्षण. सगळे ड्रोनवाले तेथे जमणार. प्रात्यक्षिक तेथेच देईन. 'गर्दीवर उडवू नये' हे दाखविण्यास गर्दी हवीच.

त्याच दिवशी, सायंकाळ
उड्डाण उत्तम. मात्र त्याच क्षणी मिरवणुकीतील म्हैसमालक सयाजीची बुलेट बंद पडली आणि त्याची म्हैस चांदणी ड्रोनच्या आवाजामागे धावली. मी घाबरून, छे, विचारपूर्वक, घराचे चित्र असलेले बटण दाबले. माझी समजूत: ड्रोन आमच्या घरी जाईल. तो जेथून उडाला तेथे, म्हणजे माझ्याकडे आला. पाठोपाठ चांदणी.
सयाजी ओरडला, "सर, पळू नगासा! पळणाऱ्याच्या मागं यायचीच सवय हाय तिला!"
हे मार्गदर्शन अंमळ उशिरा मिळाले. मी उसाच्या ट्रॉलीवर चढलो. धोतराचा सोगा चांदणीने चघळला. शाहबाजने सर्व चित्रित केले, गर्दीबाहेरून, नियमानुसार.

२३ ऑक्टोबर
शाहबाज पेढे घेऊन आला. "सर, रविवारी वर्ग ठेवूया. सगळे येतो म्हणत्यात." मी म्हणालोच होतो, उत्सुकता प्रचंड आहे. तासाभराचे भाषण तयार केले.

२६ ऑक्टोबर
तालीम तुडुंब. फलक माझाच. शिकविले शाहबाजने. प्रत्येक नियमाखाली पडद्यावर माझे एकेक दृश्य. ट्रॉलीचे दृश्य लोकाग्रहास्तव दोनदा. नियम सर्वांना पाठ झाले, हे मान्य करावे लागेल. भाषण खिशातच राहिले.
पुढील रविवारीही मला आग्रहाचे निमंत्रण आहे. ड्रोन घरी ठेवून येण्याचे.