या घराची रिगोपुला

प्रिय रिगोपुलाताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय रागावूही नकोस. मध्येच राग येणार, कारण मी तुझ्यावर संशय घेतला आणि जसा घेतला तसाच सांगणार आहे. फोन केला असता, पण गावातला फोन कॉफीच्या दुकानात. तिथे मी बाल्टिमोरला बोलायला लागले की निम्मं गाव हातातले पत्ते खाली ठेवून कान टवकारतं, आणि उरलेल्या निम्म्याला पाव भाजायच्या भट्टीपाशी सगळं कळतं.

तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारच्या बोटीने ऱ्होड्सहून आपल्या बेटावर एक माणूस आला. पायात शहरी बूट, हातात मोजपट्टी. कुणालाही वाट न विचारता तो आपल्या दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्या गल्ल्यांत पलीकडच्या गावचा माणूससुद्धा दोनदा चुकतो. मग याला नेमकं आपलंच दार कसं सापडलं? कुणीतरी खाणाखुणा सांगितल्या असणार. आणि तुझ्याशिवाय सांगणार कोण?

म्हणाला, या घराचा इतिहास लिहून घ्यायचा आहे. इतिहास लिहिणारा माणूस भिंती कशाला मोजेल? त्याने झोपायचा लाकडी ओटा मोजला, मधला खांब मोजला, तुळईवर बोटांनी ठोकून पाहिलं. दाराचं लाकडी कुलूप हातात घेऊन दुसरी किल्ली कुणाकडे असते म्हणून विचारलं. मी म्हटलं, जिची आहे तिच्याकडे. गेल्या वर्षी पवनचक्कीजवळचं घर असंच आधी मोजलं गेलं आणि मग विकलं गेलं. आता उन्हाळाभर तिथे एक परदेशी जोडपं आखूड चड्ड्या घालून उंबऱ्यावर बसलेलं असतं. शिवाय ईस्टरच्या पत्रात तू दोनदा विचारलं होतंस, छप्पर गळतं का म्हणून. अमेरिकेला गेल्यापासून सव्वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतंस. पाणी कुठे मुरतंय ते मला कळून चुकलं. ताई घर विकायला निघाली, आणि मला सांगायचीही तिला गरज वाटली नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला तुझा फार राग आला.

मग त्याने विचारलं, घर कुणाकडून कुणाकडे आलं? त्यात लपवण्यासारखं काय होतं? आपल्या आईचं नाव कालियोपी, तिच्या आईचं रिगोपुला, तिच्या आईचं पुन्हा कालियोपी. थोरल्या लेकीला आजीचं नाव आणि आईचं घर. चाच्यांच्या भीतीने लोक किनारा सोडून डोंगराआड लपायला आले, तिथपर्यंत मी त्याला मागे नेलं, आणि सगळीकडे हीच दोन नावं, आलटून पालटून. धाकट्यांची नावं त्याने विचारली नाहीत. मी मनात आठवून पाहिली, तर मलाही येईनात. जी मावशी आपल्याला न्हाऊ घालायची, शेळ्या राखायची आणि चुलीपाशी उभ्यानेच जेवायची, तिचं नाव काय होतं गं? आपण तिला नुसतं मावशीच म्हणत आलो.

मी तक्रार करत नाही. रीत तू काढली नाहीस. बूट शिवणारा मिनास मला मागणी घालायला आला होता, तेव्हा त्याच्या आईने पहिला प्रश्न विचारला, घर कुठलं? नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. मग जिला घर नाही तिच्याकडे तो येणार कुठे? तू तेव्हा खिडकीकडे तोंड करून उभी होतीस. तू काय विचार करत होतीस हे मी इतक्या वर्षांत विचारलं नाही. पुढे तू अमेरिकेला गेलीस, मी राहिले आणि दर वर्षी भिंतींना चुना लावत आले.

आता चूक सांगते. त्या माणसाने वही उघडून माझं नाव विचारलं. आजी म्हणायची ते तुला आठवतं ना, परक्याला आपलं नाव सांगू नये, चाचे दाराबाहेरून नावानेच हाका मारायचे. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच आलं. मीच मालकीण झाले तर माझ्या नकळत घर विकणार कोण?

"रिगोपुला," मी म्हटलं.

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "पण पत्र तर अमेरिकेतून आलं होतं."

"आले परत. तिकडची हवा मानवली नाही."

"मग पत्रात तुम्ही जे लिहिलं होतं..."

"काय लिहिलं होतं ते मला ठाऊक आहे. आता विचार बदलला."

"आणि तुमची धाकटी बहीण?"

"ती वारली," मी म्हटलं.

शेजारची कालित्सामावशी उंबऱ्यावर वाल निवडत होती. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. "फार गुणी होती हो बिचारी," असं म्हणून तिने छातीवर क्रूसाची खूण केली. बघता बघता गल्लीतल्या सात बायका साक्षीला आल्या. एकीने तर माझं थडगं कोणत्या कोपऱ्यात आहे तेही सांगितलं. त्याने हे सगळं लिहून पुढे केलेल्या कागदावर मी तुझ्या नावाची सही केली. तुझ्या लग्नाच्या चादरींवर ते नाव मीच भरलं होतं, हात अजून विसरलेला नाही. तो गेल्यावर कालित्सामावशी मला म्हणाली, "मेल्याशिवाय माझ्या तोंडून तुझं कौतुक निघणार नव्हतं बघ." आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मला वाटलं, घर वाचवलं.

काल ऱ्होड्सहून, त्या माणसाला पाठवणाऱ्या वकिलाचं पाकीट आलं, रिगोपुलाच्या नावाने. प्रकरण बंद केलं म्हणून त्यांनी तुझं मूळ पत्रही परत पाठवलं आहे. तुझं अक्षर मी उंबऱ्यात बसून तीनदा वाचलं. तू लिहिलं होतंस, घराचा सगळा इतिहास नीट लिहून घ्यावा, आधी छप्पर दुरुस्त करावं, आणि मग हे घर माझी धाकटी बहीण आर्खोंदुला हिच्या नावे करावं, कारण ते तिने उभं ठेवलं आहे. खाली वकिलाने लाल शाईत लिहिलंय, सदर बहीण हयात नाही. ताई, या घरात आजवर एकाही धाकटीचं नाव लागलं नाही. तू लावायला निघालीस, आणि मीच ते पुसून टाकलं. वकिलाकडे जाऊन मी आर्खोंदुला आहे म्हटलं तर कोण ऐकेल? माझ्या मरणाला सात साक्षीदार आहेत. म्हणून तू ये. या उन्हाळ्यात ये. त्या माणसासमोर आणि सगळ्या गल्लीसमोर मला माझ्या नावाने हाक मार. आपल्याला न्हाऊ घालणाऱ्या मावशीचं नाव आठवलं तर तेही लिहून आण. आणि मी ईस्टरला खोटं कळवलं होतं. छप्पर गळतं, ओट्याच्या डाव्या बाजूला, जिथे तू झोपायचीस. तिथे मी भांडं ठेवते.

तुझीच, अजून जिवंत असलेली,
आर्खोंदुला